चौदा नंबरची झोप

सोमवारी सकाळी अकराला माझा पीएचडीचा व्हायवा होता आणि मला भीती वाटत होती ती एकाच माणसाची. बाहेरून येणारे परीक्षक. आमच्या विभागात सगळे त्यांना 'कात्री' म्हणायचे. गेल्या वर्षी त्यांनी एका मुलाला तिसऱ्या पानावरच्या एका आकड्यावरून दीड तास धरलं होतं. तो बिचारा बाहेर आला तेव्हा कोणी स्वतःचं नाव विचारलं असतं तरी 'संदर्भ पाहून सांगतो' म्हणाला असता. मला आठवडाभर जेवण जात नव्हतं. झोपेत सुद्धा मी उत्तरं देत होते.

माझा विषय बिझनेस अ‍ॅनालिटिक्स आणि ऑपरेशन्स रिसर्च. हे नाव आमच्या घरात कोणाला कधी झेपलंच नाही. दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, पहिल्याच वर्षी सगळीकडे जाहीर करून टाकलं की आमची धाकटी ऑपरेशनची डॉक्टर होणार. त्यावर दादाच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यात गाठून गुडघा दाखवला. मी म्हटलं, काकू, माझं ऑपरेशन म्हणजे कामाचं नियोजन. कुठली गाडी कधी सोडायची, त्यावर कोणाला पाठवायचं, ते गणिताने काढायचं. काकू म्हणाल्या, "अगं, मग त्याला डॉक्टर कशाला व्हायला लागतं?" पाच वर्षं झाली, मला अजून याचं उत्तर सापडलेलं नाही.

दादा बस चालवतो. वडील गेले तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता आणि मी अकरा. त्याने कॉलेज सोडलं, लायसन्स काढलं, आणि तेव्हापासून मी शिकतेय आणि तो चालवतोय. हे तो कधी बोलून दाखवत नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. बोलून दाखवलं असतं तर भांडता तरी आलं असतं. मला थीसिससाठी खराखुरा डेपो हवा होता, तर हाच मॅनेजरकडे गेला. "माझी बहीण ड्यूटीचा तक्ता गणिताने बनवून देईल साहेब, एकदा वापरून तर बघा." मॅनेजरनी डोंगराकडच्या मार्गांपुरती परवानगी दिली. अठरा ड्रायव्हर, सहा आठवड्यांची चाचणी.

या अठरा जणांचा तक्ता आधी कंट्रोलरकाका हाताने करायचे. डेपोच्या खिडकीत तीस वर्षं बसलेला माणूस, कानावर पेन्सिल. माझ्या प्रोग्रॅमने तेच काम सतरा माणसांत बसवलं. एक माणूस वाचला. तेही सगळ्या अटी पाळून: आठवड्याला किती तास, डोंगराचा परवाना कोणाकडे, आणि सगळ्यात मोठी अट, दोन ड्यूट्यांच्या मधे निदान दहा तास विश्रांती. तक्त्यात प्रत्येक ओळीपुढे हिरवी खूण यायची, विश्रांती पूर्ण. पाचव्या प्रकरणात मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की सहा आठवड्यांत तक्रारवहीत एकही नोंद नाही. मॅनेजरना वाचलेला माणूस इतका आवडला की चाचणी संपल्यावरही त्यांनी तक्ता चालूच ठेवला. मी दर आठवड्याला इथून पाठवायचे, ते तिथे लावायचे. असे बावीस आठवडे झाले होते.

त्या सोमवारी मला पाचलाच जाग आली. हॉस्टेलची खोली, इस्त्रीचे कपडे खुर्चीच्या पाठीवर, टेबलावर थीसिसच्या चार प्रती. मॅडमनी, म्हणजे माझ्या गाइडनी, शनिवारी एक बारीकसा बदल सुचवला होता. "तक्ता दाखवताना एकच आठवडा नको गं, दोन लाव शेजारी शेजारी. रंगीत आहे, छान दिसेल." मला वाटलं, चला, हात तरी कामात राहतील. उशिराच्या ड्यूटीला निळा रंग, पहाटेच्या ड्यूटीला पिवळा. मी दुसरा आठवडा उचलला आणि पहिल्याच्या उजवीकडे चिकटवला. सव्वासहा वाजले होते.

चौदा नंबरच्या ओळीत, दोन आठवड्यांच्या जोडावर, निळ्याला खेटून पिवळा होता.

मला आधी वाटलं, चुकीची फाईल चिकटवली. काढली, पुन्हा लावली. तसंच. रविवारी रात्री बारा दहाला ड्यूटी संपते आणि सोमवारी पहाटे चार पन्नासला सुरू होते. मधे चार तास चाळीस मिनिटं. त्यात घरी जायचं, खायचं, परत यायचं, आणि उरलं तर झोपायचं. खोटं नाही सांगत, मी उठून दार लावून घेतलं, जणू कोणी बाहेरून बघत होतं.

चूक कशी झाली ते मला एका मिनिटात कळलं. अडाण्याच्या हातून ही चूक होऊच शकत नाही, त्याला आमच्यासारखेच शहाणे लागतात. दुसऱ्या वर्षी सगळे आठवडे एकत्र टाकले की मशीन दिवसभर चालून लटकायचं. म्हणून मी एकेक आठवडा सुटा केला. सोमवार ते रविवार, एक फाईल. तात्पुरतं म्हणून. नंतर जोडू, असं म्हटलं, आणि ते नंतर कधी आलंच नाही. दहा तासांची अट प्रत्येक फाईलच्या आत चोख चालत होती, पण रविवारी फाईल संपायची. सोमवारी प्रोग्रॅमच्या दृष्टीने सगळे ड्रायव्हर ताजेतवाने, आजच जन्माला आल्यासारखे. तपासणारा भागही मीच लिहिलेला, तोही एकेकच फाईल बघायचा, म्हणून हिरवी खूण. रविवारची शेवटची गाडी आणि सोमवारची पहिली, दोन्ही कोणालाच नको असलेल्या. प्रोग्रॅमला तिथे फट सापडली आणि तो दर आठवड्याला त्याच फटीतून गेला. यावर माझे दोन निबंध छापून आले होते. पाच तज्ज्ञांनी ते वाचले होते. दोन आठवडे शेजारी ठेवून मात्र एकानेही पाहिलं नव्हतं, आणि त्यांना काय बोलू, मीच पाहिलं नव्हतं.

मी ते दोन आठवडे जोडले आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवला. वीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात मी अंगठ्याचं नख कुरतडून रक्त काढलं. उत्तर आलं, अठरा. म्हणजे कंट्रोलरकाका पेन्सिलने काढत होते तेच. पाच वर्षं डोकं घासून मी काकांच्या खिडकीपाशी येऊन उभी राहिले होते. एक माणूस वाचवला म्हणून मी मिरवत होते, तो वाचलेला नव्हताच. तो चौदा नंबरच्या झोपेतून काढलेला होता.

मग मी बावीसही जोड तपासले. चौदा, चौदा, चौदा. दर वेळी तोच. प्रोग्रॅमला दयामाया नसते, एकदा स्वस्तातली वाट सापडली की तो तीच धरतो. हा चौदा नंबर कोण, ते मला माहीत नव्हतं. विद्यापीठाचा नियम असा की संशोधनात नावं नकोत, फक्त नंबर. नावांची यादी डेपोत, काकांच्या खणात. मी काकांना फोन लावला.

"काका, चौदा नंबर कोण?"

"आज तुझी परीक्षा ना गं? सकाळी सकाळी चौदा नंबर कुठून आठवला?"

"सांगा ना काका."

"चौदा म्हणजे तुझा दादाच की. एवढंही माहीत नाही? धन्य आहेस बाई."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी विचारलं, "आत्ता कुठे आहे तो?"

"कुठे असणार, गाडीवर. सिमेंट फॅक्टरीची पहिली पाळी घेऊन गेलाय. फोन कपाटात, गाडीवर फोन न्यायचा नाही हा नियम. का गं? काही निरोप असेल तर पायथ्याच्या चौकीवर देतो. सहा पंचावन्नला तिथे सही करायला थांबेल. तिथून पुढे मात्र थेट फॅक्टरी, मधे डोंगरात माणूस नाही."

सहा सेहेचाळीस झाले होते. नऊ मिनिटं होती.

"नको काका," मी म्हटलं, "सहजच विचारलं."

हे मी म्हटलं. माझ्या तोंडावर कोणी हात ठेवलेला नव्हता. निरोप द्यायचा म्हणजे कारण द्यायचं, काका ते रजिस्टरमधे लिहिणार, रजिस्टर मॅनेजर बघणार, मॅनेजर तक्ता बंद करणार आणि विद्यापीठाला पत्र जाणार. अकरा वाजता मी कात्रीसमोर काय घेऊन बसणार? पाच वर्षं, दादाची पंधरा वर्षं, सगळं एका फोनने पाण्यात. एवढं सगळं माझ्या डोक्यात एका श्वासात आलं आणि मी फोन ठेवला. मग मी मॅडमना लावला.

मॅडमनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "फरक किती पडतो?"

"सगळाच. अठराचे अठराच राहतात."

"कोणाला बोललीस?"

"तुम्हालाच फक्त."

"मग अकरापर्यंत बोलू नकोस. हे बघ, प्रत्येक थीसिसमधे एक मढं पुरलेलं असतं. माझ्याही आहे. व्हायवा होऊ दे, दुरुस्तीची मुदत असतेच, दुपारी आपण डेपोला कळवू. तीन-चार तासांचा तर प्रश्न आहे."

"मॅडम, त्या गाडीवर माझा भाऊ आहे."

मॅडम म्हणाल्या, "इतके आठवडे चालवतोच आहे ना? घाबरून निर्णय घेऊ नकोस. अंघोळ कर, चहा पी, साडेदहाला ये."

मॅडम वाईट नाहीत. माझ्यासाठी त्यांनी दोनदा मुदत वाढवून आणलीय, विभागप्रमुखांशी भांडून. आणि लपवू कशाला, त्यांचं बोलणं ऐकून मला बरं वाटलं. मोठ्या माणसाने सांगितलंय म्हटल्यावर आपल्याला काय! मी पलंगावर बसले. सात वाजले, सात पाच झाले. मी स्वतःशी म्हणत होते, एकवीस सोमवार काही झालं नाही, मग बाविसाव्याला का होईल? आणि लगेच माझंच शिक्षण माझ्या उरावर बसलं. पहिल्या वर्षाच्या मुलांना मीच शिकवते की एकवीस वेळा काही घडलं नाही म्हणजे धोका नाही असं होत नाही. तीनाला एकविसाने भागायचं. तेवढा धोका शिल्लक असू शकतो. सातात एक. मी कागदावर भागाकार करून पाहिला, जणू तोंडी जमत नव्हता. सातात एक. मग तो कागद उलटा ठेवला आणि घड्याळ बघत बसले. सात दहा झाले, सात बारा झाले. मला इतकी भीती वाटत होती की कशाची वाटतेय तेच कळेना, दादाची की कात्रीची.

सव्वासातला फोन वाजला आणि मी किंचाळलेच. वहिनी होती.

"काय डॉक्टरीणबाई, झाली का तयारी? घाबरू नकोस हं अजिबात. संध्याकाळी इकडेच जेवायला ये."

"वहिनी, दादा कसा आहे?"

"आता हा काय प्रश्न? बरा आहे."

"सोमवारी कसा असतो?"

ती बोलेना. वहिनी बोलायची थांबली की काहीतरी असतंच, एरवी तिचं तोंड झोपेतही बंद नसतं.

"वहिनी, तुला माझी शपथ."

"तुला सांगू नकोस म्हणालेत," ती म्हणाली. "गेल्या सोमवारी जेवताना ताटावरच झोपले गं. हातातला घास हातात. त्याच्या आधीच्या सोमवारी स्कूटर समोरच्या भिंतीला घातली, कोपर सोलवटलं. मी म्हटलं, वहीत लिहा, काकांना सांगा, ड्यूटी बदलून मिळेल. तर म्हणे, वहीत लिहिलं की तिचा तक्ता बंद होईल. बाकीचे ड्रायव्हर भांडायला उठले होते त्यांच्यासाठी, त्यांनाही गप्प केलं. म्हणाले, आमच्या बाईचं एकदा होऊ दे, मग मी महिनाभर झोपतो. आज शेवटचा सोमवार म्हणून गेलेत. रात्री साडेतीनला मी हलवून उठवलं तर मला ओळखेनात."

तक्रारवहीत एकही नोंद नाही. हे वाक्य मी सारांशातही घातलं होतं.

फोन कसा ठेवला आठवत नाही. काकांना लावला आणि एका दमात सगळं ओकले. दादाला उतरवा, आत्ताच्या आत्ता उतरवा, तो झोपलेला नाही. काका म्हणाले, "अगं हो हो, श्वास घे. मलाही ते जड वाटत होतं. पण तक्त्यात हिरवी खूण, तो स्वतः काही बोलेना, आणि मी पडलो पेन्सिलवाला, मला कोण विचारतो? मघाशी बोलली असतीस तर चौकीवरच धरला असता. आता तो डोंगरात आहे. फॅक्टरीच्या गेटवर अडवतो, पण ड्यूटीवरच्या माणसाला गाडीवरून उतरवायला कागद लागतो मला. दोन ओळी लिही, मॅनेजरना पाठव, मला पाठव."

मी लिहिलं. 'माझ्या प्रोग्रॅममधे गंभीर चूक आहे. रविवार आणि सोमवारच्या मधली विश्रांती त्यात धरलेलीच नाही. तक्ता ताबडतोब बंद करावा. चौदा नंबरच्या ड्रायव्हरला गाडी चालवू देऊ नये.' मॅनेजरना, काकांना, मॅडमना, आणि सगळ्यांबरोबर विभागप्रमुखांनाही. एकदा बुडायचंच तर गळ्यापर्यंत कशाला! सात पंचविसाला पाठवलं.

गाडी फॅक्टरीत पोचायची वेळ सात चाळीस. सात चाळीसला काका म्हणाले, अजून नाही. पावणेआठला, नाही. आठला पाच कमी असताना मी पुन्हा लावला तर ते माझ्यावर खेकसले, "अगं, गेटवाला उभाच आहे रस्त्यावर, आली की सांगतो ना!" आणि मग हळू आवाजात म्हणाले, "इतका उशीर तो कधी करत नाही." मी खोलीत नुसत्या येरझाऱ्या घालत होते. एका बाजूला सात पावलं, दुसऱ्या बाजूला सात पावलं. मॅडमचे चार फोन येऊन गेले, मी घेतले नाहीत. वहिनीचा आला, तोही घेतला नाही. तिला काय सांगणार होते? मी त्याला मारलं, हे एकच वाक्य माझ्या डोक्यात होतं. माझ्या भावाला मी रंगीत तक्ता बनवून मारलं.

आठ वाजून सहा मिनिटांनी काकांचा फोन आला. "आली. आली गं बाई. गाडी आत आली, माणसं उतरतायत." माझा जीव भांड्यात पडला आणि मी होते तिथे फरशीवर बसले.

व्हायवा झाला. मॅडम माझ्याकडे बघत नव्हत्या. मी उभी राहिले आणि पहिलं वाक्य बोलले, की या थीसिसचा मुख्य निष्कर्ष चुकीचा आहे आणि का चुकीचा आहे ते मी दाखवते. शेवटपर्यंत थांबले नाही. कात्रीनी एकदाही मधे तोडलं नाही. शेवटी चष्मा काढून त्यांनी तीनच प्रश्न विचारले.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"आज सकाळी सव्वासहाला."

"आणि डेपोला कळवलंत?"

"सात पंचविसाला."

"मधे एक तास दहा मिनिटं आहेत. त्यात काय केलंत?"

आठवडाभर मी शंभर प्रश्नांची उत्तरं पाठ केली होती. हा प्रश्न त्यात नव्हता. मी म्हटलं, "घाबरले होते सर. पदवी जाईल म्हणून." त्यांनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. निकाल तासाभरात आला. थीसिस परत. चौथं आणि पाचवं प्रकरण नव्याने लिहायचं, वर्षभराची मुदत, पुन्हा व्हायवा. दारातून बाहेर पडताना कात्री म्हणाले, "पुढच्या वेळी मी येईन." ही धमकी होती की धीर, देव जाणे.

खाली बाकावर दादा बसला होता. अंगावर युनिफॉर्म तसाच, डोळे लालबुंद. बदली ड्रायव्हर पाठवून काकांनी त्याला परत आणलं होतं, आणि तो घरी न जाता तडक इकडे आला होता. मला बघितल्याबरोबर उठला.

"कोणी सांगितलं होतं तुला शहाणपणा करायला? बावीस सोमवार मी तोंड शिवून बसलो ते कशासाठी? आज शेवटचा होता, शेवटचा! चार तास गप्प बसवलं नाही तुझ्याने?"

"आणि तू मेला असतास म्हणजे?" मीही ओरडले. पलीकडची मुलं वळून बघायला लागली. "तुला एवढीही अक्कल नाही? तोंड होतं ना, मला सांगता येत नव्हतं?"

"सांगून काय केलं असतंस? केलंस तेच ना? सगळं घालवलंस!"

"घालवलं! माझं होतं, मी घालवलं! तू कोण विचारणारा?"

"मी कोण?" तो म्हणाला. "मी कोण?"

मग तो एकदम खाली बसला. मला वाटलं, चक्कर आली. मी शेजारी बसले. तो बोलला तेव्हा आवाज अगदीच वेगळा होता.

"बोगद्यात शिरलो ते आठवतंय," तो म्हणाला. "बाहेर आलो ते आठवत नाही. मधला बोगदाच नाही. एकदम पुढचं वळण समोर आलं. दिवे मी लावले होते की नव्हते तेही माहीत नाही. त्यानंतर दोनदा गाडी बाजूला घेऊन तोंड धुतलं, म्हणून उशीर झाला. एकेचाळीस माणसं होती गं गाडीत. एक बाई मागे मुलाला गोष्ट सांगत होती, ती कुठपर्यंत आली होती तेवढं आठवतंय. मग काहीच नाही."

लहानपणापासून मी त्याला घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. मी त्याचे हात धरून ठेवले.

"किती वाजता?" मी विचारलं.

"बोगदा? सात दहाला. नेहमी सात दहालाच येतो."

सात दहाला मी कागदावर सातात एक काढून तो कागद उलटा ठेवला होता, आणि त्याच्या पंधरा मिनिटं आधी तो चौकीवर सही करत होता.

याला आता वर्ष होत आलं. थीसिस नव्याने लिहून झाला, तक्ता पुन्हा काकांच्या पेन्सिलीने चालतो, दादा सोमवारी सुट्टी घेतो. त्या सकाळचं मी त्याला जवळजवळ सगळं सांगितलंय, मॅडमचा फोनसुद्धा. पण काकांनी सहा सेहेचाळीसला विचारलं होतं, चौकीवर निरोप देऊ का, आणि मी नको म्हटलं होतं, हे नाही सांगितलं. काकांनीही अजून कोणाला सांगितलेलं नाही. परवा दादाच्या घरी काका आले होते, चहा घेत मधेच म्हणाले, "त्या दिवशी तुझ्या बहिणीने," आणि थांबले. मी कपबशी घेऊन उभी होते. माझी पाचावर धारण बसली. मग काका म्हणाले, "वेळेवर फोन केला हो," आणि दादाने माझ्याकडे बघून मान डोलावली.